पेटीवरचं नाव कुणाचं?

आज एक प्रश्न विचारायचा आहे. उत्तर मनातल्या मनात दिलं तरी चालेल.

समजा, तुमच्या बागेतली मोसंबी पाचोडच्या किंवा जालन्याच्या बाजारात गेली. लिलाव झाला, माल ट्रकमध्ये भरला आणि दिल्लीला पोचला. तिथल्या एका बाईनं चार मोसंब्या घेतल्या, रस काढून पोराला दिला. पोरगं म्हणालं, उद्याही हीच आण. आता सांगा, दुसऱ्या दिवशी ती बाई दुकानदाराला काय म्हणून मागणार? कोणत्या गावची, कोणाच्या बागेतली? तिला ते ठाऊक नाही. दुकानदारालाही ठाऊक नाही. तुमचा माल तिच्या पसंतीला उतरला, पण तिची पसंती तुमच्यापर्यंत पोचायला वाटच नाही!

ज्या मालाला नाव नाही, त्याला फक्त भाव असतो. आणि तो भाव त्या दिवशीच्या आवकेवर ठरतो. शेजारच्या गावानं दोन ट्रक जास्त आणले की तुमच्या चांगल्या मालाचाही भाव उतरतो. वर्षभर बागेला पाणी दिलं, फवारण्या केल्या, बहार धरला. शेवटी बाजारात तुमची मोसंबी आणि हयगयीनं पिकवलेली मोसंबी एकाच ढिगात. असं किती दिवस चालणार?

नाव करायचं म्हणजे मोठी कंपनी हवी, मोठा पैसा हवा, टीव्हीवर नटनट्या हव्यात, असा आपला समज आहे. तो समज खोटा पाडणारी एक गोष्ट आपल्याच मुंबईत घडली. एक लहानशी जाहिरात कंपनी, तिच्यातली मोजकी माणसं आणि त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे म्हशी पाळणारे शेतकरी. त्या माणसांनी काढलेली ठिपक्यांच्या फ्रॉकमधली पोरगी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. होय, अमूल लोण्याची पोरगी!

पोल्सनचं लोणी आणि खेड्याचं दूध

ही पोरगी कुठून आली हे कळायला आधी थोडं मागं जावं लागेल. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात दूध उदंड. पण ते विकत घेणारी कंपनी एकच, पोल्सन. पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थानं ती सुरू केली. त्यांचं लाडाचं नाव पॉली. त्यावरून इंग्रजी वाटेल असं ‘पोल्सन’ हे नाव त्यांनी बनवलं. साहेबाचा जमाना होता, साहेबी नावाला वजन होतं. म्हणजे नावाची किंमत व्यापाऱ्याला तेव्हाच कळली होती. दूध मात्र शेतकऱ्याचं आणि भाव कंपनी सांगेल तो.

१९४६ साली खेड्याचे शेतकरी इरेला पेटले. सरदार पटेलांचा सल्ला, मोरारजी देसाईंची सभा आणि त्रिभुवनदास पटेलांचं नेतृत्व. पंधरा दिवस मुंबईकडे दूध गेलं नाही. १४ डिसेंबर १९४६ रोजी शेतकऱ्यांचा स्वतःचा संघ नोंदला गेला. सुरुवात किती? दोन गावं आणि २४७ लिटर दूध! आपल्याकडच्या एखाद्या मध्यम डेअरीचं एका वेळचं संकलनही याहून जास्त असतं.

१९४९ मध्ये वर्गीस कुरियन हा तरुण इंजिनिअर आणंदला आला. सरकारी नोकरीची सक्ती म्हणून आला आणि आयुष्यभर तिथलाच झाला. १९५५ साली मोठा कारखाना उभा राहिला, पंतप्रधान नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते, एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. आता नाव हवं होतं. ‘अमूल्य’ या शब्दावरून ‘अमूल’ हे नाव सुचलं. आणंद मिल्क युनियन लिमिटेड याची इंग्रजी आद्याक्षरंही त्यात बरोबर बसतात. तीन अक्षरं, उच्चाराला सोपी. पोल्सनच्या साहेबी नावासमोर आपल्या मातीतलं नाव!

माल चांगला, नाव चांगलं. तरी मुंबईच्या बाजारात पोल्सनचा दबदबा होता. लोकांच्या जिभेला त्याची सवय झालेली. अमूलच्या जाहिराती तेव्हा शुद्धता, स्वच्छता असं सांगायच्या. खरं होतं सगळं, पण ऐकणाऱ्याला जांभई येईल असं.

१९६६ : तीन शहाण्या गोष्टी

१९६६ साली हे काम एएसपी नावाच्या जाहिरात कंपनीकडे गेलं. तिथं सिल्व्हेस्टर डाकुन्हा होते आणि त्यांचे चित्रकार सहकारी युस्टेस फर्नांडिस. पुढं डाकुन्हांनी स्वतःची वेगळी कंपनी काढली आणि अमूलचं काम त्यांच्याबरोबर राहिलं. या मंडळींनी काय केलं ते नीट बघा, कारण आपल्या कामाचं ते आहे.

पहिली गोष्ट. पैसा कमी होता. टीव्ही घरोघर नव्हता, वर्तमानपत्रातली जागा महाग. तेव्हा रस्त्याकडेचे फलक घ्यायचे ठरले. त्या काळी फलक हातानं रंगवले जायचे. म्हणून चित्र असं हवं, की कुठल्याही पेंटरला झटपट काढता आलं पाहिजे आणि लांबून ओळखू आलं पाहिजे. कुरियन यांचीही हीच अट होती. मग फर्नांडिसांनी पोरगी काढली. गोल चेहरा, मोठे डोळे, निळे केस, वर बांधलेली शेंडी, लाल ठिपक्यांचा फ्रॉक. मोजक्या रेषा. कलाकुसर दाखवायची हौस असती तर त्यांनी किती तरी नक्षी भरली असती. ती त्यांनी भरली नाही. चित्र कुणासाठी आणि ते रंगवणार कोण, याचा विचार आधी केला.

दुसरी गोष्ट. ‘अटर्ली बटर्ली डिलिशस’ हे शब्द आले ते घरातल्या बोलण्यातून. डाकुन्हांच्या पत्नी निशा यांनी ‘अटर्ली’ सुचवलं, त्याला यांनी ‘बटर्ली’ जोडलं. इंग्रजीच्या मास्तरांना ‘बटर्ली’ हा शब्द कुठल्या कोशात सापडला नसता. पण लहान पोराच्याही तोंडात बसला. व्याकरण थोडं वाकलं, गिऱ्हाईक हसलं!

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. लोणी रोज तेच. त्याच्याबद्दल दरवेळी नवं काय सांगणार? मग या मंडळींनी ठरवलं, लोण्याबद्दल बोलायचंच नाही. गावात, देशात जे चाललंय त्यावर पोरीनं दोन शब्द बोलायचे. घोड्यांची शर्यत, क्रिकेटचा सामना, निवडणूक, सिनेमा, संप. चावडीवर बसलेला एखादा मिश्कील म्हातारा जसा येणाऱ्या-जाणाऱ्यावर टपली मारतो, तशी. टपली खरी, पण लागेल अशी नाही. सुरुवातीला महिन्याला एखादा फलक निघायचा, मग आठवड्याला, आता तर एकाच आठवड्यात कितीतरी. फलक बदलला की लोक थांबून वाचतात. जाहिरात वाचायला लोक आपणहून थांबतात, ही गोष्ट लहान नाही.

टेबलाभोवतीची तीन माणसं

१९९० च्या दशकात सिल्व्हेस्टर यांचे चिरंजीव राहुल डाकुन्हा यांनी काम हाती घेतलं. शब्द लिहायला मनीष झवेरी आणि चित्र काढायला आपले जयंत राणे. विषय काढायचा, शब्दाला शब्द जुळवायचा, चित्र उतरवायचं; एवढ्या मोठ्या नावाचा हा सगळा खटाटोप वर्षानुवर्षं या तिघांच्या टेबलावर झाला. हजारो माणसांचं ऑफिस नाही, परदेशी सल्लागार नाहीत.

मग यांचं बळ कशात? एक म्हणजे सातत्य. पोरीला पन्नाशी उलटून गेली, पण फ्रॉक तोच, शेंडी तीच. दरवर्षी नवा अध्यक्ष आला म्हणून नवं चिन्ह, असला प्रकार नाही. आजोबांनी पाहिलेली पोरगी नातवाला ओळखू येते.

दुसरं म्हणजे मोकळीक. आज घडलेल्या गोष्टीवर फलक लावायचा तर तो मंजुरीसाठी आणंदला पाठवून, समितीपुढं ठेवून, सह्या घेऊन कसा चालेल? तोवर विषय शिळा होणार. डाकुन्हांनी हे कुरियन यांना सांगितलं आणि कुरियन यांनी आधी दाखवण्याची अटच काढून टाकली. तुमचं काम तुम्ही करा, आमचं आम्ही करतो. एवढा विश्वास टाकायला छाती लागते.

या मोकळिकीची किंमतही मोजावी लागली. विमान कंपनीच्या संपावर फलक लागला, तेव्हा विमानात अमूल लोणी देणं बंद करू असा इशारा आला. गणेशोत्सवात ‘गणपती बाप्पा मोर घ्या’ असा फलक झळकला. मोर म्हणजे इंग्रजीतलं ‘आणखी’. त्यावर राजकीय पक्षाकडून ऑफिस फोडण्याची धमकी आली, असं अमूलच सांगते. पण कुरियन यांनी कधी डाकुन्हांचं काम काढून घेतलं नाही. चित्रकार बदलायचा आणि नाव घडवायचं, ही दोन्ही कामं एकाच वेळी होत नसतात.

कुरियन २०१२ साली गेले. फर्नांडिस त्याआधीच, २०१० मध्ये गेले होते. सिल्व्हेस्टर डाकुन्हा जून २०२३ मध्ये गेले. पोरगी आहे तिथंच आहे.

पण चित्रानं लोणी होत नाही

आता कुणी म्हणेल, चला तर मग, एखादा चित्रकार गाठू, छानसं चिन्ह काढून घेऊ, झालं काम! थांबा. गोष्टीचा खरा गाभा पुढं आहे.

त्या पोरीनं मुंबईत विनोद केले, पण विनोदावर लोणी एकदाच खपतं. दुसऱ्यांदा खपतं ते चवीवर. खेड्याच्या गावागावात सकाळ-संध्याकाळ रांग लागत होती. प्रत्येकाच्या दुधाचं माप, प्रत्येकाच्या दुधाची फॅट. ज्याचं दूध जसं, त्याचा पैसा तसा. पाटलाचं असो की भूमिहीनाच्या एका म्हशीचं, काटा सगळ्यांना सारखा. पाणी घातलेलं दूध परत. हे रोज, वर्षानुवर्षं झालं, म्हणून फलकावरच्या पोरीला बिनधास्त बोलता आलं.

नाव टेबलावर काढलं जातं, पण घडतं ते काट्यावर! काटा ढिला पडला असता तर ‘नाव मोठं, लक्षण खोटं’ व्हायला किती वेळ लागला असता?

आणि पैशाचं म्हणाल, तर जाहिरातीवरचा खर्च उलाढालीच्या एक टक्क्याच्याही आत राहतो, असं अमूलचे कारभारी सांगत आले आहेत. ग्राहकाच्या रुपयातले ऐंशी पैशांहून अधिक उत्पादकाकडे परत जातात, असंही ते सांगतात. दोन गावांचा संघ आज सुमारे ३६ लाख दूध उत्पादकांपर्यंत पोचला. आणखी एक ध्यानात ठेवा. ‘अमूल’ हे नाव जाहिरात कंपनीच्या मालकीचं नाही, व्यापाऱ्याच्याही नाही. ते शेतकऱ्यांच्या सहकाराचं आहे. १९७६ साली श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ सिनेमा निघाला, तो पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला. नाव आपलं आहे हे ज्याला वाटतं, तोच त्याच्यासाठी खिशात हात घालतो.

आपल्याकडं काय कमी आहे?

आता आपल्या मराठवाड्याकडं या. नाव कसं करायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको होतं. पैठणीचंच घ्या. गावाचंच नाव साडीला! काठ पाहिला, पदरावरचा मोर पाहिला की चिठ्ठी न वाचता बाई सांगते, ही पैठणी. याहून मोठं बोधचिन्ह कोणतं? पण आज पैठणीचे बहुतेक माग येवल्याला चालतात. नाव पैठणचं आणि काम येवल्याचं. नाव जन्मतं एका गावात आणि राहायला जातं ते जिथं हात चालतात तिथं, हेही त्यातून शिकायचं.

केशर आंब्याचं बघा. हा आंबा जुनागडचा. आधी त्याला ‘सालेभाईनी आंबडी’ म्हणत. १९३४ साली तिथल्या नवाबानं गराचा रंग पाहून ‘केशर’ म्हटलं आणि नशीबच पालटलं. तोच केशर मराठवाड्यात आला, आपल्या हवेत रुजला. हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रासारख्या ठिकाणांहून त्याची माहिती शेतकऱ्यांपर्यंत गेली. गीरच्या केशरला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तर मराठवाड्याच्या केशरला २०१६ साली. त्याच वर्षी जालन्याच्या मोसंबीला आणि बीडच्या सीताफळालाही मिळालं.

मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले गेले असतील. पण मानांकन म्हणजे परवाना, त्याचा वापर करणं हे आपलं काम. जाधववाडीच्या मार्केटला हंगामात एक चक्कर मारा आणि पेट्या वाचा. किती पेट्यांवर मानांकनाचं नाव दिसतं? किती पेट्यांवर दुसऱ्याच राज्याच्या, दुसऱ्याच फळाच्या जुन्या खोक्याचं नाव आहे? माल आपला आणि जाहिरात त्याची, असं तर होत नाही ना? स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि ठरवा.

करायचं काय?

पहिलं म्हणजे मानांकनाचा ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करा. २०२० च्या दुरुस्तीनं या नोंदीची फी १० रुपयांवर आली आहे. चहाच्या एका कपाएवढी! मानांकन सांगतं, माल कुठला. माल कोणाचा, हे मात्र ते सांगत नाही. त्यासाठी तुमच्या गटाचं किंवा शेतकरी कंपनीचं स्वतःचं नाव हवं आणि त्याची ट्रेडमार्क नोंद हवी. ताजी फळं-भाजीपाला ३१ व्या वर्गात येतो, दुधाचे पदार्थ २९ व्या वर्गात. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला, तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये. नोंद दहा वर्षं टिकते, पुढं नूतनीकरण करता येतं. नोंद गटाच्या नावानं करा. ती चित्रकाराच्या, अडत्याच्या किंवा एकट्या अध्यक्षाच्या नावानं होऊ देऊ नका. उद्या भांडण झालं तर नाव घेऊन एक जण चालता होईल आणि बाकीचे हात चोळत बसतील.

दुसरं, चिन्ह साधं ठेवा. खोक्याच्या छपाईत रंग वाढला की खर्च वाढतो. एका रंगात छापलं, गावच्या पेंटरनं शेडच्या भिंतीवर काढलं, पावसानं भिजलेल्या पेटीवर दिसलं, तरी ओळखू आलं पाहिजे. नाव दहा हातांवरून वाचता यावं. आणि कृपा करून पेटीवर संचालक मंडळाचे फोटो छापू नका! गिऱ्हाईकाला आंबा खायचा असतो, अध्यक्ष नाही.

तिसरं, चित्रकाराला बागेत आणा. आपल्या शहरातही हे काम करणारी लहान ऑफिसं आहेत, शिकलेली तरुण पोरं-पोरी आहेत. नुसता फोनवरून ‘एक झकास लोगो पाठवा’ असा निरोप धाडू नका. त्यांना तोडणी दाखवा, प्रतवारी दाखवा, तुमच्या फळाचं वैशिष्ट्य तोंडानं सांगा. जो चित्रकार आधी प्रश्न विचारतो तो चांगला. जो न विचारता दहा नमुने पुढं टाकतो, त्याच्यापासून जरा सांभाळून. बोलायला मात्र एकालाच नेमा. अकरा संचालकांनी अकरा रंग सुचवले, तर पेटीचं गाठोडं व्हायचं. एकदा ठरलं की दहा वर्षं हात लावू नका.

चौथं, आणि हेच सर्वांत अवघड. वरच्या थरात मोठी फळं आणि खाली बारकी, ही आपली जुनी सवय. नाव नसलेल्या पेटीत ती खपून जाते, कारण शिवी द्यायला पत्ताच नसतो. नाव छापलं की पत्ता दिला. मग खालचा थर वरच्यासारखाच लागेल. गटातल्या एकानं खोट केली तर पाप सगळ्यांच्या डोक्यावर. म्हणून नावाच्या आधी नियम ठरवा. किती वजनाचं फळ, कोणता रंग, किती दिवसांची तोडणी, आणि मोडणाऱ्याचं काय करायचं, हेसुद्धा. सरपंचाचा माल असला तरी परत पाठवायची तयारी नसेल, तर चित्रकाराचे पैसे वाया घालवू नका.

जुनी माणसं म्हणतात, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. अर्धं खरं आहे. माती एकदाच खपते. पण आपल्याकडं सोनं आहे आणि आपण बोलत नाही, ही गोष्ट पूर्ण खरी आहे.

येत्या हंगामाला अजून वेळ आहे. गावातल्या दहा-वीस बागवाल्यांनी एकत्र बसावं आणि आधी फक्त एवढंच ठरवावं, की आपल्या पेटीतलं सगळ्यात खालचं फळ कसं असेल. ते ठरलं की नाव शोधा. नाव सापडलं की चित्रकार गाठा. क्रम उलटा करू नका.